महागडं घड्याळ: घालायचं, की लॉकरमध्ये ठेवायचं?

सेकंदकाटा
मंडळी, प्रश्न विचारतोय. काहींना चोचले वाटतील, वाटू देत.

पन्नाशीच्या निमित्ताने यंदा स्वतःसाठी ओमेगा स्पीडमास्टर घेतलं. चावीचं. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्यांकडे होतं त्याच घराण्यातलं. हे घरात इतक्यांदा सांगून झालंय की मी ‘चं’ म्हटलं की मुलगा उठून जातो. किंमत सात लाखांच्या आतबाहेर. वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे आहेत, कर्ज काढलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे निम्मे प्रतिसाद वाचतील.

तर मी ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत लोकलने जातो आणि पुढे बीकेसीपर्यंत शेअर रिक्षा. घड्याळ घालून ऑफिसला जावं म्हटलं तर बायको म्हणाली, "खुशाल जा, मग मीही उद्यापासून आईचे बिल्वर घालून मुलुंडला भाजी आणायला जाते." विषय संपला.

दुसरं म्हणजे लेकीचं पदवीदान आहे लंडनला. त्या दिवशी तरी मनगटावर असावं अशी हौस. तर तिचाच मेसेज, "बाबा, ते घेऊन येऊ नका हं, इथे ओढून नेतात." आता मुंबईत घालायचं नाही, लंडनला न्यायचं नाही, तर डब्यात ठेवून रोज चावी द्यायला घेतलंय का?

आपल्यापैकी कोणी महागडं घड्याळ खरोखर रोज घालतं का? कुठे घालता, कुठे काढून ठेवता?

वसई फास्ट
पहिला नंबर. लोकलपुरतं सांगतो.

लोकलमध्ये घड्याळ चोरणारा लागतच नाही, गर्दी पुरते. कडी पकडली की बाही कोपराकडे घसरते आणि घड्याळ बरोबर मागच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतं. कुर्ल्याला उतरताना दोन बॅगांच्या मधून हात ओढून काढावा लागतो. त्यात पट्ट्याची पिन निसटली की घड्याळ गेलं खाली, आणि तिथे वाकून शोधायला गेलात तर तुम्हीच खाली. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांचं टायटन असंच गेलं. ते प्लॅटफॉर्मवर उतरले, घड्याळ डब्यातच राहिलं आणि गाडी चर्चगेटला. टायटन होतं म्हणून हळहळून गप्प बसले.

फर्स्ट क्लासचा पास आहे म्हणून निर्धास्त असाल तर नका राहू. तिथेही तेवढीच चेंगराचेंगरी, फक्त पर्फ्यूम जरा बरं.

दारात उभं राहून हात बाहेर काढायची सवय असेल तर ती आधी सोडा. रुळांच्या कडेला उभं राहून हातावर काठीचा फटका मारणारे मोबाइलसाठी मारतात हे खरं, पण मनगट त्याच हाताला असतं. माणसं खाली पडून पाय गमावून बसलीत. घड्याळाचं नंतर बघू.

गाडीत काही झालंच तर १५१२, लोहमार्ग पोलीस. नंबर सेव्ह करून ठेवा.

रा. रा. शंकेखोर
मूळ प्रश्न राहिलाच. जे घालायला भीती वाटते ते घेतलंच कशाला? वेळ तर हल्ली फोनवर कळते, आणि लोकल त्या वेळेवर येत नाही.

खडीसाखर
शंकेखोर, तुमच्या त्या चार हजारांच्या फाउंटन पेनने तुम्ही शेवटचं पत्र कधी लिहिलंत? :) हलके घ्या.

थेम्सकाठचा
लंडनचं सांगतो. इथे राहतोय, त्यामुळे लेकीच्या बाजूने बोलणार.

ती घाबरवत नाहीये. इथे रस्त्यावर घड्याळ ओढणं हा चांगला जमलेला धंदा आहे. सोहो, मेफेअर, नाइट्सब्रिज, चेल्सी. म्हणजे नेमका तोच भाग जिथे आपण पाहुण्यांना फिरवायला नेतो. २०२२-२३ मध्ये इथल्या पोलिसांनी आपलीच माणसं साध्या वेशात महागडी घड्याळं घालून रात्री वेस्ट एंडला आमिष म्हणून फिरवली आणि ओढणाऱ्यांना जागच्या जागी धरलं. पोलिसांना एवढा खटाटोप करावा लागतो यावरून काय ते समजा.

ओळखीची नावं घ्यायची तर बॉक्सर आमिर खान. एप्रिल २०२२ मध्ये बायकोबरोबर जेवून बाहेर पडला, लेटनमध्ये, आणि समोर बंदूक. सत्तर हजार पौंडांच्या आसपासचं फ्रँक म्युलर घड्याळ गेलं. बंदूकवाल्याला पुढे शिक्षा झाली. फॉर्म्युला वनचा लँडो नॉरिस २०२१ च्या युरो फायनलनंतर वेम्बलीहून निघताना असाच लुटला गेला. सायकलपटू मार्क कॅव्हेंडिशच्या तर घरात घुसून दोन रिशार मिल घड्याळं नेली, घरात बायको-मुलं असताना.

पद्धत सांगतो. पहिला माणूस चोर नसतोच. तो बारमध्ये किंवा हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसून नुसता बघतो, आणि बाहेरच्याला फोटो पाठवतो. बाहेरचे दोघं मोपेडवर किंवा पायी. एखादा दारू प्यायल्यासारखा गळ्यात पडतो, "मेट, मेट" करत, आणि तुम्ही त्याला हसत बाजूला करेपर्यंत मनगट मोकळं. धातूचा पट्टा दोन बारीक दांड्यांवर अडकलेला असतो, झटक्याने ओढला की दांडी निघते. कुलूप उघडायची गरजच पडत नाही.

पण सेकंदकाटा, एक दिलासा. तुमचं पदवीदान दिवसा असणार, सभागृहात, हजार पालकांच्या मधे. तिथे कोणी काही करत नाही. धोका संध्याकाळच्या पार्टीनंतर ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं स्टेशन शोधत चालताना. आणि हो, इथे तुमचं घड्याळ जाण्यापेक्षा हातातला फोन जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघत बसू नका, इलेक्ट्रिक सायकलवाला मागून येतो आणि फोन उचलून जातो. वळून बघता तेव्हा तो सिग्नलपार.

ठाण्याची सून
धागा वाचतेय आणि हसतेय. कडवट हसू आहे, आधीच सांगते.

पुरुषमंडळींना पन्नाशीत कळतंय की अंगावर मौल्यवान वस्तू घालून रस्त्याने चालणं म्हणजे काय. आमचा हा अभ्यासक्रम लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आमच्या सासूबाईंचं शास्त्र ऐका. सकाळी फिरायला जाताना ओढणी गळ्याभोवती दोन वेढे आणि खांद्यावर पिन. फुटपाथवर चालायचं ते रस्त्याकडे पाठ येणार नाही अशा बाजूने, म्हणजे समोरून येणारी मोटारसायकल दिसली पाहिजे. दोघं बसलेले, मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि गाडीचा वेग उगाच कमी, असं दिसलं की दुकानात शिरायचं, काही घ्यायचं नसलं तरी. लग्नाला जाताना खरं मंगळसूत्र पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेलं, आणि हॉलवर पोचल्यावर वॉशरूममध्ये चढवायचं. परतताना उलटा क्रम. रोजच्यासाठी काळ्या मण्यांचं खोटं, दीडशे रुपयांचं.

आणि एवढं करूनही माझ्या जावेचं गेलं. भर दुपारी, शाळेच्या फाटकापाशी, एका हाताला मुलगा. ओढल्यावर ती तोंडावर पडली, हनुवटीला टाके. साखळी जाड होती, पटकन तुटली नाही म्हणून मानेवर लाल वळ आला तो आठवडाभर होता. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे, बाहेर घालायचं ते बारीक सरीचं. तुटू दे. मान राहू दे.

तक्रार द्यायला गेलो तर समोरच्याचं पहिलं वाक्य, "कशाला घालता हो ताई एवढं?" आत्ता शंकेखोरांनी तेच विचारलंय, फक्त घड्याळाबद्दल. घालणाऱ्याला प्रश्न, नेणाऱ्याला नाही.

सेकंदकाटा, तुमचं घड्याळ छानच असेल. पण तुमच्या घरात हे गणित रोज कोण करतंय ते तुमच्या बायकोने बिल्वरांचा विषय काढून तुम्हाला सांगितलंच आहे.

खडीसाखर
ठाण्याची सून, +१०००

रा. रा. शंकेखोर
माझ्या प्रतिसादाचा रोख तसा नव्हता, पण मुद्दा मान्य.

सेकंदकाटा
सूनबाई, बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "यांना आमच्या भिशीत बोलवा."

थेम्सकाठचा, पदवीदान दिवसाच आहे. मग दिवसा घालायचं आणि संध्याकाळी काढून खिशात, असं चालेल?

थेम्सकाठचा
खिशात नको. ट्यूबमध्ये पाकीटमार आहेतच. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून मग जेवायला बाहेर पडा.

गस्तवाला
मी तक्रार लिहून घेणाऱ्या बाजूला होतो, आता निवृत्त. वरच्या ताईंना जे वाक्य ऐकायला मिळालं ते मिळायला नको होतं. बाकी माझ्या नोकरीत जे पाहिलं त्यावरून सांगतो.

आपल्याकडच्या साखळीचोराची नजर मनगटावर नसते, गळ्यावर असते. कारण सोपं आहे. सोनं तासाभरात वितळतं, मग ते कोणाचं होतं हे सोनाराचा बापही सांगू शकत नाही. घड्याळावर नंबर असतो. ते विकायला ओळखणारा गिऱ्हाईक लागतो, आणि ओळखणारा गिऱ्हाईक बिल-बॉक्स मागतो. ओमेगा आणि साधं घड्याळ यातला फरक मोटारसायकलवरच्या पोराला चालत्या गाडीवरून कळत नाही. लंडनच्या चोराला कळतो, आपल्याकडच्याला अजून तरी नाही. बऱ्याच टोळ्यांना मोक्का लागला तो सोनसाखळ्यांवरून लागला.

मग आपल्याकडे महागडी घड्याळं जातात कुठून? माझ्या पाहण्यातली सांगतो. जिमच्या लॉकरमधून. क्लबात पोहायला गेल्यावर कपड्यांच्या खाली ठेवलेलं. लग्नाच्या हॉलमध्ये हात धुताना बेसिनवर काढून ठेवलेलं, मग फोन आला, बोलत बोलत माणूस बाहेर. सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमधून. आणि सगळ्यात जास्त घरातून, जेव्हा घरचे सगळे बाहेरगावी असतात आणि हे चार मजल्यांना माहीत असतं. लंडनला जाताना विमानतळावरून स्टेटस टाकायचा मोह आवरा. परत आल्यावर टाका, तेवढेच लाइक येतील.

एक प्रकार ज्येष्ठांसाठी खास. रस्त्यात दोघं-तिघं अडवतात, ओळखपत्रासारखं काहीतरी दाखवतात आणि म्हणतात, "काका, पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, साहेबांनी सांगितलंय, अंगठी, चेन, घड्याळ काढून रुमालात बांधून ठेवा." त्यांच्यातलाच एक वाटसरू बनून आपली चेन काढून रुमालात ठेवतो, म्हणजे काकांचा विश्वास बसतो. रुमाल बांधून द्यायला तेच मदत करतात. घरी येऊन सोडला तर आत खडे. पोलीस कधीही, कुठेही, कोणाचेही दागिने काढून रुमालात बांधायला सांगत नाहीत. असं कोणी म्हटलं की मोठ्याने ओरडा आणि ११२ लावा.

झालंच तर तक्रार नीट द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मारहाण केली, धाक दाखवला तर जबरी चोरी, कलम ३०९, तिथे दहा वर्षांपर्यंत. पोलीस ठाण्याची हद्द कुठली यावरून परत पाठवलं तर झीरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो. आणि ‘गहाळ झालं’ असा दाखला घेऊन घरी येऊ नका. तो फोनच्या सिमकार्डापुरता ठीक. चोरी झाली तर चोरीच लिहिली पाहिजे.

बिनचावीचा
गस्तवाला साहेब, उत्तम प्रतिसाद. घड्याळवेडा म्हणून थोडी भर घालतो.

नंबरचं महत्त्व लोकांना घड्याळ गेल्यावर कळतं. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तो असतो, पण घड्याळावर प्रत्यक्ष कुठे आहे ते एकदा भिंग लावून बघून ठेवा. जुन्या रोलेक्सचा सहा आकड्याच्या बाजूला, पट्टा जिथे अडकतो त्या दोन शिंगांच्या मधे असतो, पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. नव्यात काचेच्या आतल्या कडेवर कोरलेला. तुमच्या स्पीडमास्टरचा बारीक कोरलेला असेल, शोधा. फोटो काढा, समोरून, मागून, नंबरसकट, आणि फोनबरोबरच दुसरीकडेही ठेवा. घड्याळ आणि फोन एकदमच जातात.

घड्याळ गेलंच तर नंबर टाकायच्या जागा आहेत. लंडनची वॉच रजिस्टर नावाची यादी आहे, जगभरचे विक्रेते आणि लिलावगृहं वापरलेलं घड्याळ घेण्याआधी तिथे बघतात. महागडी घड्याळं बनवणाऱ्या रिशमाँट गटाने २०२३ मध्ये एन्क्वायरस नावाचं संकेतस्थळ काढलं, ते फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीचं घड्याळ चालतं. म्हणजे चोराला विकता येणार नाही असं नाही, पण चांगल्या दुकानात विकता येणार नाही.

पट्ट्याचं थेम्सकाठचा बरोबर सांगतायत. उपाय आहे. एका सलग कापडी पट्टीचा नायलॉनचा पट्टा मिळतो, नाटो म्हणतात. तो दोन्ही दांड्यांच्या खालून जातो, एक दांडी निघाली तरी घड्याळ दुसऱ्यावर लटकत राहतं. लोकलच्या गर्दीसाठी तर हाच. शिवाय राखाडी कापडी पट्ट्यावर सात लाखांचं घड्याळ सातशेचं दिसतं, हा जादा फायदा. शोरूमवाल्याला सांगू नका, त्याला भोवळ येईल.

आणि लॉकरमध्ये कायमचं टाकू नका हो. घड्याळ हे यंत्र आहे. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की तेल घट्ट होतं आणि बाहेर काढाल तेव्हा पहिला खर्च सर्व्हिसिंगचा.

रा. रा. शंकेखोर
एक व्यवहारी सूचना. खरं घरी, आणि लोकलसाठी हिरा पन्ना मार्केटातून त्याचीच फर्स्ट कॉपी. कोणाला काय कळतंय?

बिनचावीचा
चोरालाही कळत नाही, हाच तर घोळ आहे. तो खोट्यासाठीही तेवढ्याच जोराने ओढणार आणि तुमचं मनगट खरं आहे. शिवाय लंडनला खोटं घालून गेलात आणि बंदुकीसमोर "साहेब, ही कॉपी आहे" म्हणालात तर तो विश्वास ठेवेल का? खोटं मंगळसूत्र वेगळं, तिथे चोराची निराशा होते पण मान आपलीच असते, हे सूनबाई सांगतीलच.

ठाण्याची सून
सांगते. खोटं आहे म्हणून ओढायचं थांबत नाहीत. जावेचं दुसऱ्यांदा ओढलं ते खोटंच होतं. फरक इतकाच की रडू आलं नाही.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात पर्यटकांचं ठरलेलं. कळंगुटला शॅकच्या खाटेवर टॉवेल, टॉवेलखाली पाकीट आणि घड्याळ, आणि चौघंही एकदम पाण्यात. किंवा भाड्याच्या स्कुटरच्या डिकीत ठेवतात. ती डिकी उघडायला चावीसुद्धा लागत नाही. पाण्यात चालतं म्हणून घेतलेलं घड्याळ पाण्यात जाताना काढून ठेवतात, हे मला आजतागायत उमजलेलं नाही.

कात्रजबोगदा
पुण्याचा हातभार. पीएमपीच्या गर्दीच्या बसमध्ये म्हाताऱ्या बायकांच्या हातातल्या बांगड्या कटरने कापून नेतात, स्वारगेटच्या बसला तर हमखास. आजींना कळतसुद्धा नाही, उतरल्यावर हात हलका लागतो तेव्हा कळतं. घट्ट बसलेली बांगडी कापणाऱ्याला घड्याळाचा पट्टा म्हणजे किस झाडकी पत्ती. पालखीच्या दिवसांत आणि विसर्जनाला तर अंगावर काही न घालणंच बरं.

अवांतर: गांधीजींचं झेनिथ खिशातलं घड्याळ १९४७ मध्ये कानपूरच्या रेल्वेप्रवासात चोरीला गेलं होतं आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन क्षमा मागून परत दिलं, असं सांगतात. तेच घड्याळ २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघालं, चष्मा, चपला आणि ताट-वाटीबरोबर, आणि सगळं मिळून १८ लाख डॉलरला विजय मल्ल्यांनी घेतलं. कोणाच्या हातून कोणाच्या हाती.

खडीसाखर
हा धागा अजून राजकारणाकडे वळला नाही याचं कौतुक वाटत होतं. मल्ल्या आले. संपादक, लक्ष असू द्या.

डेबिट-क्रेडिट
कोणीच विम्याचं बोललं नाही म्हणून. पेशाने सीए आहे.

आधी लॉकर. लोकांना वाटतं बँकेत ठेवलं म्हणजे सुरक्षित. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे लॉकरमधलं गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत सात लाखांचं घड्याळ आणि सासूबाईंच्या पाटल्या असल्या तरी तीन लाखच.

आता घराचा विमा. बहुतेकांकडे असतो तो गृहकर्जाबरोबर माथी मारलेला, आणि तो भिंतींचा असतो. आतल्या सामानाचा वेगळा घ्यावा लागतो, त्यात घरफोडी धरलेली असते पण वस्तू घरात असतानाच. मनगटावर असताना हवा असेल तर ‘ऑल रिस्क’ म्हणून वेगळी जोड घ्यावी लागते, त्यात दागिने आणि घड्याळं नावानिशी, नंबरानिशी, किमतीसह लिहितात. घेताना तीन गोष्टी वाचा. संरक्षण फक्त भारतात की जगभर, कारण लंडनला जाणार आहात. गाडीत सोडून गेल्यावर चोरी झाली तर देतात का, बहुधा नाही. आणि ‘कुठे गेलं माहीत नाही’ अशा प्रकाराला काहीही मिळत नाही. म्हणूनच गस्तवाला साहेब म्हणतात ते लाखमोलाचं आहे, गहाळ लिहून आणलंत की दावा तिथेच मेला. एफआयआर, मूळ बिल, नंबर.

प्रवासविम्यावर विसंबू नका. सामानाला एकूण मर्यादा, एका नगाला त्याहून कमी, आणि बऱ्याच पॉलिसींत मौल्यवान वस्तू वगळलेल्याच असतात. बारीक अक्षरात.

बरं, तुम्ही दहा लाखांच्या खाली राहिलात ते एका अर्थी छान. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, तुमच्याकडून घेऊन तुमच्या पॅनवर भरतो. विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, पण दिसतो मात्र.

वसई फास्ट
दिसतो म्हणजे आयकरवाल्यांना? चोर परवडला. :)

सेकंदकाटा
सगळ्यांचे आभार. इतकं ठरलंय. लोकलमध्ये घालणार नाही, नाटो पट्ट्यावरही नाही. वसई फास्टनी ते कडीचं सांगितलं तेव्हाच मन उठलं. शनिवार-रविवार ठाण्यात घालणार, उपवन, राम मारुती रोड, कोणाचं बारसं असेल तिथे. ऑफिसला जुनं एचएमटी आहेच. विम्याचं बोलणं चालू केलंय, एजंटने पहिल्या फोनला "घड्याळाचा कशाला, सर, मुदतविमा घ्या" म्हणून पाहिलं.

लंडनला न्यायचं, पदवीदानाच्या हॉलपुरतं घालायचं, हॉटेलहून टॅक्सीने जायचं. लेक अजून "कशाला बाबा" म्हणतेय. तिच्या आईने तिला सांगितलं, "असू दे गं, त्यांचीही हौस आहे."

थेम्सकाठचा
ठीक आहे. पण ओढलंच तर सोडून द्या हो. तेव्हा फेरारीकडे असलेला कार्लोस साइन्झ सप्टेंबर २०२३ मध्ये मिलानला चोरांच्या मागे पळाला आणि घड्याळ परत मिळवलं, मोंझाची शर्यत त्याच दिवशी झालेली. तो एकोणतीस वर्षांचा खेळाडू. तुम्ही पन्नाशीतले, गुडघा कसाय विचारलं नाही. ९९९ लावा, धोका टळला असेल तर १०१, आणि क्राइम रेफरन्स नंबर मागून घ्या, तुमचा विमावाला पहिलं तेच मागेल.

गस्तवाला
सहमत. हात ढिला सोडायचा. गाडीचा नंबर, शर्टाचा रंग, बूट. चोर जॅकेट बदलतो, बूट बदलत नाही.

कात्रजबोगदा
माझा एक उपप्रश्न. घड्याळ घालून परदेशी गेलो आणि परत येताना इथल्या कस्टम्सने "बाहेरून आणलंत, ड्युटी भरा" म्हटलं तर? हार्दिक पंड्याचं २०२१ मध्ये मुंबई विमानतळावर झालं ना काहीतरी.

डेबिट-क्रेडिट
त्याचं वेगळं होतं, तो दुबईहून येताना घेऊन आला होता. बातम्या पाच कोटींच्या आल्या, तो म्हणाला दीड कोटीचं आहे आणि मी आपणहून दाखवायला गेलो होतो. पण तुमची शंका रास्त आहे, कारण इथे घेतलेलं आणि तिथे घेतलेलं घड्याळ दिसायला सारखंच.

जाताना विमानतळावर कस्टम्सकडे घड्याळ दाखवून नोंद करून घ्यायची. एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात. घड्याळ, मूळ बिल, पासपोर्ट बरोबर हवा, त्यावर नंबर लिहून घेतात आणि परत येताना तो कागद दाखवायचा. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा, त्या काउंटरवर नेहमी माणूस असतोच असं नाही, शोधून आणावा लागतो. बायकोच्या अंगावर नेहमीपेक्षा जास्त सोनं असेल तर त्याचंही त्याच वेळी करून घ्या.

कात्रजबोगदा
आणि बिलच नसेल तर? माझ्याकडे वडिलांचं फेवरलुबा आहे, त्यांनी लग्नात घेतलेलं.

डेबिट-क्रेडिट
जुन्या, मळक्या फेवरलुबाला कस्टम्सवाला हात लावत नाही, नोंद कशाला करता. पण बिल हरवलेलं नवं, महागडं घड्याळ असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा सर्व्हिसिंगला द्या. त्यांच्या पावतीवर मॉडेल, नंबर आणि तारीख छापून येते, इथे तुमच्याकडे आधीपासून होतं हे दाखवायला तो कागद उपयोगी पडतो. निघायच्या आदल्या आठवड्यात देऊ नका, मोठी सर्व्हिसिंग निघाली तर घड्याळ महिना-दोन महिने हातात येत नाही.